वाफ टिकत का नाही? एका छोट्या इंजिनाच्या कामाच्या नोंदी

१४ ऑक्टोबर २०२३

आज आमचं रेल्वेचं वाफेवरचं इंजिन शेडमध्ये घेतलं आणि वेळापत्रकातून काढलं. बॉयलरच्या पाण्यातून भट्टीचा गरम धूर नेणाऱ्या नळ्यांची मुदत भरली आहे, त्यामुळे उघडायचं होतंच. पण मूळ दुखणं वेगळं आहे आणि ते आधी कागदावर आलेलं बरं. एकदा इंजिन सुटं झालं की जो तो आपापल्या आवडीच्या कामात रमतो आणि कशासाठी उघडलं होतं तेच मागे पडतं.

दुखणं असं: उभं असताना प्रेशर झकास चढतं, सेफ्टी व्हॉल्व्ह उडतात. डबे जोडून चढाला लागलं की काटा उतरायला लागतो. त्यात इंजेक्टर (बॉयलरमध्ये पाणी ढकलणारं यंत्र) लावावा लागला तर विचारूच नका. माथ्यावर पोचेपर्यंत १० किलोचे (दर चौरस सेंटिमीटरला) साडेसहा उरतात.

इंजिनाची कुंडली: गेज (रुळांमधलं अंतर) ६१० मिलिमीटर, म्हणजे दोन फुटी. चार चाकं, चारही दांड्यांनी जोडलेली. बाहेरच्या अंगाला दोन सिलिंडर, फ्रेमच्या आत स्टीफन्सन व्हॉल्व्ह गिअर (सिलिंडरमध्ये वाफ सोडणारे व्हॉल्व्ह हलवणारी यंत्रणा), बॉयलरच्या पाठीवर खोगिरासारखी पाण्याची टाकी. मुळात हे सायडिंगवरचं इंजिन. चार वाघिणी ढकलायच्या आणि मग तासभर उभं राहायचं, एवढंच त्याचं आयुष्य. आपण त्याच्याकडे सलग चढ मागतो आहोत.

निदानांना तोटा नाही. आमचे फिटरकाका म्हणतात, "व्हॉल्व्ह बिघडलेत, आवाजच सांगतोय." फायरमन मंडळी कोळशाला शिव्या घालतात. माझं मत राखून ठेवतो. सुटं करण्याआधी एवढं टिपलं: स्मोकबॉक्सच्या, म्हणजे धुराड्याखालच्या पेटीच्या, दाराचा रंग खालच्या बाजूला फुगून उडाला आहे, आणि चालताना धुराड्यातून येणारे चार फुसकारे सारखे नाहीत; दोन जोरकस, एक मध्यम, एक नुसता सुस्कारा.

२९ ऑक्टोबर

टाकी उतरवली, बॉयलरवरचा पत्रा काढला आणि काम तिथेच थांबवलं. खाली पांढरट, भुसभुशीत लिंपण निघालं. जुन्या इंजिनांवरचं असं आवरण ॲस्बेस्टॉसच असतं असं धरून चालायचं. हात न लावता पुन्हा झाकलं, नमुना तपासणीला गेला, अहवाल आला: ॲस्बेस्टॉसच. आता परवानाधारक लोक येऊन काढतील, तोवर शेडला कुलूप. यात हौस, काटकसर, "आम्ही पूर्वी हातानेच काढायचो" वगैरे काही चालणार नाही. त्या धाग्यांनी होणारा कॅन्सर वीस-तीस-चाळीस वर्षांनी उगवतो.

१८ नोव्हेंबर

आवरण गेलं, शेड धुऊन मिळाली. स्मोकबॉक्स रिकामा केला तेव्हा तळाशी घमेलंभर अर्धवट जळालेली कोळशाची चुरी होती आणि ब्लास्ट पाइपच्या तोंडात आडवी ठोकलेली १० मिलिमीटर जाडीची सळई. कारखान्यातून अशी सळई येत नाही. सिलिंडरमधून सुटणारी वापरलेली वाफ या तोंडातून धुराड्यात झेपावते आणि जाताना भट्टीतून हवा ओढून नेते. तोंड अरुंद केलं की झेप वाढते, ओढ वाढते, आग भडकते. पूर्वी फायरमन लोक ही करामत वरिष्ठांच्या नकळत करायचे. पण किंमत पिस्टन मोजतो: सुटणाऱ्या वाफेला वाटच अपुरी, म्हणून मागून रेटा बसतो आणि तेवढ्याच कामाला जास्त वाफ लागते.

म्हणजे वाफ टिकत नाही ही तक्रार आमच्या आधीपासूनची आहे आणि कोणीतरी तिच्यावर सळईचा उतारा करून ठेवला होता. सळई काढली, चिठ्ठी बांधून खिळ्याला टांगली.

नळ्यांचं काम सुरू. एकूण ६२, बाहेरचा व्यास ४४ मिलिमीटर. भट्टीकडचं वळवलेलं तोंड छिन्नीने आत दाबायचं, मग स्मोकबॉक्सच्या बाजूने ओढून काढायची. त्या बाजूच्या प्लेटची भोकं मुद्दाम किंचित मोठी असतात, कारण नळी आत जाते नवी आणि बाहेर येते अंगावर क्षारांचा थर घेऊन. आमच्या नळ्यांवर मधल्या भागात दोन मिलिमीटर थर होता, आणि भट्टीच्या टोकाशी शेजारशेजारच्या नळ्या या चुन्याने एकमेकींना चिकटून गेल्या होत्या.

काकांनी एक खपली हातात धरून माझ्यासमोर नाचवली. "हे बघ तुझं कारण. एवढा थर असल्यावर पाणी तापणार कसं?"

"काका, थर उभ्या इंजिनातही तेवढाच असतो. उभ्याने तर प्रेशर चढतंय."

"अरे, उभ्याने काय, बंबातही पाणी उकळतं."

त्यांचं म्हणणं अगदीच सोडून देण्यासारखं नाही. थरामुळे उष्णता अडते आणि जास्त वाफ मागितली की उणीव उघडी पडते. तरीही मी या मुद्द्यावर येतो: दोष फक्त चालताना दिसतो, तर आधी चालतानाच काम करणाऱ्या गोष्टी तपासाव्यात. म्हणजे रेग्युलेटर (सिलिंडरकडे वाफ सोडणारी झडप), व्हॉल्व्ह आणि ब्लास्ट (धुराड्यात जाणारा वाफेचा झोत).

१० डिसेंबर

बॉयलर आतून-बाहेरून तपासला. अल्ट्रासॉनिक यंत्राने जाडी मोजायची तर आधी ठिकठिकाणी लखलखीत धातू दिसेपर्यंत घासावं लागतं; थंडगार पत्र्याच्या पोटात झोपून ग्राइंडर चालवण्याचं सुख ज्याचं त्यालाच ठाऊक. मूळची १२ मिलिमीटरची प्लेट बहुतेक ठिकाणी साडेअकराच्या आसपास आहे. भट्टीच्या तळाशी, जिथे आतली आणि बाहेरची भिंत जोडणारं कडं असतं, त्याच्या लगेच वर एका कोपऱ्यात ९.४. गाळ तिथेच साचतो आणि ओल्या गाळाखाली पोलाद गुपचूप झिजतं. बॉयलर निरीक्षकांनी हिशेब करून तेवढा भाग भरून घ्यायला सांगितलं. प्रमाणित वेल्डर आणि मंजूर केलेली पद्धत, दोन्ही हवंच.

भट्टीच्या दोन भिंतींमधले स्टे (भिंती एकमेकींना बांधून ठेवणारे दांडे) हातोडीने वाजवून पाहिले. एकाने एका टोकाला हलकी हातोडी मारायची, दुसऱ्याने दुसऱ्या टोकावर बोट टेकवायचं. धड स्टे खणखणतो आणि बोटाला ठोका जाणवतो. तुटलेला बद्द वाजतो. डाव्या बाजूला वरच्या ओळीत दोन बद्द निघाले. वरच्या ओळींतच निघावेत यात नवल नाही: आतली भट्टी बाहेरच्या भिंतीपेक्षा जास्त तापते, जास्त वाढते, आणि प्रत्येक वेळी आग पेटवली की स्टे वाकतो.

भट्टीच्या छतातला शिशाचा प्लग नवा घालायचा. शिसं ३२७ अंशांना वितळतं. १० किलोच्या वाफेखालचं पाणी सुमारे १८३ अंशांवर असतं, म्हणजे छतावर पाणी आहे तोवर शिसं घट्ट. पाणी उतरून छत उघडं पडलं की शिसं वितळतं, वाफ भट्टीत घुसते आणि फायरमनला जाग येते. जुना प्लग दिसायला ठीक होता. तरी फेकला.

७ जानेवारी २०२४

इंजिन जॅकवर, चाकं बाहेर. ॲक्सलबॉक्सच्या (ॲक्सल ज्यात फिरतो ती पेटी) बेअरिंगमधला व्हाइट मेटल एका कोपऱ्यात पुसून गेला होता आणि पितळ जर्नलला (ॲक्सलचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) लागत होतं. हा कथील, अँटिमनी आणि तांब्याचा मऊ मिश्रधातू. आयझॅक बॅबिटने १८३९ मध्ये अमेरिकेत पेटंट घेतलं त्या कल्पनेतून आलेला. मऊपणा हाच त्याचा गुण. कचरा आला तर तो स्वतःत रुतवून घेतो, जर्नल ओरखडू देत नाही. वंगण संपलं तर २४० अंशांच्या आसपास मऊ पडून वाहायला लागतो, पण महागडा ॲक्सल वाचवतो.

ओतण्याचं काम दिवसभर पुरलं. जुना धातू वितळवून काढला, पितळ उजळ केलं आणि त्यावर कल्हई चढवली. कल्हई नीट बसली नाही तर वरचा थर पुढे पापुद्र्यासारखा सुटतो, म्हणून काकांनी दोन बॉक्स परत करायला लावले. वितळलेल्या धातूचा अंदाज घ्यायला ते देवदाराची काडी बुडवतात: काडी काळी पडली पाहिजे, पेटता कामा नये. शेजारी थर्मामीटर होता. त्यांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही, आणि मी पाहिलं तेव्हा आकडा बरोबर होता.

मग घासकाम. जर्नलला निळ्या रंगाचा अगदी पातळ हात फिरवायचा, बेअरिंग टेकवून थोडं हलवायचं, उचलायचं. जिथे निळा डाग उमटला तो उंचवटा. तो स्क्रेपरने खरवडायचा. पुन्हा निळा, पुन्हा टेकव, पुन्हा खरवड. सुरुवातीला तीन-चार मोठे डाग दिसतात. जसजसं काम पुढे जातं तसे ते फुटत जातात आणि शेवटी माथ्याच्या भागात सगळीकडे बारीक ठिपके उमटतात. काका स्क्रेपर दर वेळी वेगळ्या दिशेने चालवतात, एकाच दिशेने नाही. नाहीतर लाटा पडतात आणि तेल नेमकं त्या लाटांतून पळून जातं.

जोडदांड्यांचे बुशही नवे केले. इथे नवशिके घट्ट बसवण्याच्या मोहात पडतात. चाकं रुळाच्या उंचसखल भागावर वरखाली होतात, दांडीला तेवढी मोकळीक लागतेच. म्हणून जोडदांडीच्या बुशात ॲक्सलबॉक्सपेक्षा जास्त क्लिअरन्स ठेवला. थोडी खडखड ऐकू येईल, येऊ दे.

२७ जानेवारी

नव्या नळ्या बसल्या. रोलर एक्स्पांडरने तोंड फुगवताना एका कडेने सरळ ओळीत जायचं नाही. आधी चार कोपरे, मग मध्य, मग उरलेल्या, म्हणजे प्लेटवर ताण सारखा पडतो. किती फुगवायची हे हाताला कळतं. रोलर एकदम जड होतो तिथे थांबायचं. पुढे रेटलं तर नळी पातळ होते आणि प्लेटचं भोक लंबगोल. भट्टीकडची टोकं वळवून घेतली.

स्टे आणि कोपऱ्यातलं वेल्डिंगही झालं.

१८ फेब्रुवारी

पाण्याची चाचणी. दीडपट, म्हणजे १५ किलो. बॉयलर काठोकाठ भरून सर्वांत वरच्या प्लगमधून हवेचा शेवटचा बुडबुडा जाऊ दिला. हवा राहिली तर ती दाबून साठते आणि काही फुटलं तर तोफेसारखं उडतं. पाणी दबत नाही, त्यामुळे फुटलं तरी पिचकारी उडून प्रेशर शून्य. पाणी कोमट वापरलं. गार पाण्याने पत्र्याला घाम सुटतो आणि प्रत्येक थेंबाला गळती समजून माणसं धावतात.

हातपंपाने हळूहळू चढवलं, दोन प्रेशर गेज समोरासमोर. १८४९ मध्ये युजेन बुर्दोंने पेटंट घेतलेली वाकडी चपटी नळी अजून आत तशीच आहे: दाब आला की सरळ व्हायला बघते आणि काटा फिरवते. आमचं गेज निरीक्षकांच्या गेजपेक्षा पाव किलो जास्त दाखवतं, तशी चिठ्ठी लावली. भट्टीकडच्या नळ्यांपैकी तिघी पाझरल्या, दाब उतरवून रोलर हलकासा फिरवला, परत चढवलं. अर्धा तास काटा हलला नाही. निरीक्षकांनी सही केली.

१० मार्च

व्हॉल्व्ह सेटिंग. हा गिअर १८४२ मध्ये रॉबर्ट स्टीफन्सनच्या कारखान्यात जन्मला, आणि तो फ्रेमच्या आत बसवणाऱ्याला कधी त्याखाली झोपावं लागलं नसणार.

सुरुवात डेड सेंटर शोधण्यापासून. पिस्टन टोकाला पोचतो तेव्हा चाक बरंच फिरलं तरी क्रॉसहेड (पिस्टनच्या दांड्याच्या टोकाचा सरकता ठोकळा) जेमतेम हलतो, त्यामुळे नजरेने टोक ठरवता येत नाही. उपाय जुना आणि अचूक: टोकाच्या थोडं अलीकडे क्रॉसहेडवर खूण करायची, त्या क्षणी चाकाच्या कडेवर रेघ मारायची. चाक पुढे फिरवून क्रॉसहेड टोकाला जाऊन परतताना त्याच खुणेवर आला की चाकावर दुसरी रेघ. दोन रेघांचा मध्य म्हणजे डेड सेंटर. प्रत्येक वेळी खुणेवर एकाच दिशेने यायचं, नाहीतर पिनांमधली ढिलाई हिशेबात शिरते.

आता वाफपेटीचं झाकण उघडं ठेवून, डेड सेंटरला स्लाइड व्हॉल्व्हने वाफेचं दार किती किलकिलं केलंय ते फिलर गेजने मोजलं. डावीकडे पुढे १.६, मागे १.४; चांगलं. उजवीकडे पुढे ३.१ आणि मागे दार चक्क बंद. सुस्कारा टाकणारा चौथा फुसकारा हाच.

उजव्या व्हॉल्व्हच्या दांडीची लांबी नट सरकवून बदलली. थंड असताना दोन्ही बाजू अगदी समसमान केल्या नाहीत. दांडी तापली की अर्धा-पाऊण मिलिमीटर लांबते, त्याची तजवीज आताच ठेवली. शिवाय स्टीफन्सन गिअरमध्ये दिशा आणि वाफेचं प्रमाण ठरवणारा लिव्हर मधल्या खाचेकडे आणला की हे दार आणखी उघडतं, म्हणून पूर्ण पुढच्या खाचेत आणि नेहमीच्या चालीच्या खाचेत, दोन्हीकडे मोजलं.

काका खूश. "बघ, मी म्हटलं नव्हतं?" म्हटलं होतं, खरंच.

२४ मार्च

नवं आवरण (काचतंतूंचं), पत्रा, पाइप, ब्रेकचे पिन. बॉयलर पुढे स्मोकबॉक्सपाशी पक्का बसवला, मागचे आधार ग्रीस लावून मोकळे ठेवले. तापल्यावर तो मागच्या बाजूला चार-पाच मिलिमीटर सरकतो आणि त्याला अडवलं तर फ्रेम किंवा प्लेट, काहीतरी चिरतं. रंगाबद्दल मंडळींची चर्चा दुपारभर चालली. मी तेल भरायला निघून गेलो.

१३ एप्रिल

पहिली आग. लाकडं, चिंध्या, मग थोडा कोळसा. घाई नाही. पाणी आणि पत्रा सगळीकडे सारखा तापायला वेळ लागतो, म्हणून सकाळ पूर्ण त्यातच घालवली. पहिल्या किलोला सगळे नट तपासले, पाण्याची पातळी दाखवणाऱ्या दोन्ही काचा वाफ-पाणी सोडून पाहिल्या. सिलिंडरचे ड्रेन कॉक उघडे ठेवून इंजिन हळूच हलवलं. थंड सिलिंडरमध्ये वाफेचं पाणी होतं, आणि पिस्टनने ते बंद जागेत चेंगरलं तर झाकण फुटतं.

दुपारी वाफेची चाचणी. ब्लोअर (धुराड्यात थेट वाफ सोडून ओढ वाढवणारा) पूर्ण उघडा, आग पांढरी, दोन्ही सेफ्टी व्हॉल्व्ह उडालेले. प्रेशर १० च्या वर एक दशांशाहून जास्त, म्हणजे ११ च्या पुढे, जाता कामा नये, काटा १०.४ वर थांबला. दोन्ही इंजेक्टरनी पाणी ओढलं.

२८ एप्रिल

डबे जोडून चढावर. चारही फुसकारे एकसारखे, इंजिन हलकं चालतंय, पाणीही कमी पितंय. आणि माथ्यावर काटा साडेपाचवर.

पूर्वीपेक्षा वाईट. काका काही बोलले नाहीत. एकाने खिळ्यावरच्या सळईकडे बोट दाखवलं. सळई ठोकली असती तर संध्याकाळपर्यंत काटा सातवर गेला असता, यात मला शंका नाही. पण व्हॉल्व्ह दुरुस्त, नळ्या नव्या, कोळसा तोच, रेग्युलेटर पूर्ण उघडतो हे उघडून पाहिलेलं. उरला ब्लास्ट, म्हणजे स्मोकबॉक्स.

५ मे

पारदर्शक प्लास्टिकची नळी यू आकारात फळीवर बांधली, तिच्यात शाई घातलेलं पाणी भरलं आणि एक टोक स्मोकबॉक्सच्या भिंतीतल्या प्लगच्या जागी जोडलं. फळी कॅबमध्ये माझ्या गुडघ्यांत. चढावर, ठरलेल्या खाचेत, पाण्याच्या दोन पातळ्यांत फरक २० मिलिमीटर. १८२९ च्या रेनहिल स्पर्धेत रॉकेट जिंकलं त्यात बॉयलरमधल्या २५ नळ्या आणि धुराड्यात सोडलेली वाफ या दोहोंचा वाटा होता. एकाशिवाय दुसरं लंगडं, आणि आमच्याकडे ६२ नव्या नळ्यांमागे ओढच नव्हती.

परत येऊन ब्लोअर चालू ठेवला आणि जळती काडी स्मोकबॉक्सच्या दाराच्या कडेने फिरवली. वर ज्योत सरळ. खाली, रंग फुगला होता तिथे, ज्योत आडवी होऊन फटीत शिरली. सिलिंडरकडे जाणारे वाफेचे पाइप जिथे तळातून जातात तिथेही तेच. ही चोरटी हवा भट्टीतून येत नाही, त्यामुळे ब्लास्टचे श्रम फुकट जातात. वर तळाची चुरी तिच्यावर आतच पेटते आणि दार भाजून काढते.

थंड झाल्यावर दाराचं कडं ठोकून सपाट केलं, काचतंतूंचा दोर बसवला, पाइपांभोवती अग्निरोधक सिमेंट भरलं. फरक २० वरून ३८.

अजून अपुरं. धुराड्याच्या तोंडावर आडवी पट्टी ठेवून मध्यातून ओळंबा सोडला. त्याचं टोक ब्लास्ट पाइपच्या तोंडाच्या मध्यावर यायला हवं. ते ९ मिलिमीटर मागे पडलं. वाफेचा झोत सरळ वर जात नव्हता, धुराड्याच्या पुढच्या भिंतीवर आपटत होता. आत पाहिलं तर त्या भिंतीवरची काजळी धुतल्यासारखी स्वच्छ. ब्लास्ट पाइपच्या तळाचा जोड उघडल्यावर मागच्या अर्ध्या भागात गॅस्केटखाली गॅस्केट सापडलं. कधीतरी गळती थांबवायला कोणीतरी तेवढ्याच बाजूला जाडी वाढवली, पाइप पुढे कलला, ओढ कमी झाली, मग तोंडात सळई आली. जोडाची बैठक घासून सपाट केली, एकच गॅस्केट, पुन्हा ओळंबा. मध्यावर.

चढावर फरक ६५. माथ्यावर साडेनऊ किलो, तेही इंजेक्टर चालू ठेवून.

२६ मे

नवी कुरकुर. दुपारनंतर डावा इंजेक्टर पाणी धरत नाही, नुसता ओव्हरफ्लोतून थुंकतो. हे यंत्र ऑन्री जिफारने १८५८ मध्ये पेटंट केलं आणि अजूनही बघणाऱ्याला पटत नाही: १० किलोची वाफ त्याच १० किलोच्या बॉयलरमध्ये पाणी कशी ढकलते? वाफ शंकूतून प्रचंड वेगाने सुटते, गार पाण्याला भेटून स्वतःच पाणी होते आणि आपला वेग पाण्याला देऊन जाते. पुढच्या रुंदावत्या शंकूत त्या वेगाचा दाब होतो. सगळी मदार वाफेचं पाणी होण्यावर. टाकीतलं पाणी तापलं की तिचं नीट पाणी होत नाही. खोगीर टाकी तर बॉयलरच्या पाठीवरच बसलेली. दुपारी टाकीतलं पाणी ४६ अंश निघालं.

शंकू काढून पाहिले तर क्षारांनी तोंडही आवळलं होतं. सायट्रिक ॲसिडच्या सौम्य द्रावणात बुडवून साफ केले. तारेने खरवडू नये, तोंडाचं माप बिघडतं. टाकी आणि बॉयलरच्या मध्ये आवरणाचा एक जादा थर सरकवला, आणि टाकी अर्धी होण्याआधी भरून घ्यायची असा नियम केला. उजवा इंजेक्टर ठणठणीत आहे. पण बॉयलरला पाणी देण्याचे दोन स्वतंत्र मार्ग हवेत, एकावर निघायचं नाही.

१६ जून

नेहमीचं काम. वॉशआउट: सगळे प्लग काढून जोराच्या पाण्याने आतला गाळ धुतला, तळाच्या कोपऱ्यांत सळई फिरवली, भट्टीच्या छतावर आरसा धरून पाहिलं. थर नाही. पाण्यात औषध घालायला लागल्यापासून क्षार चिकटत नाहीत, मऊ चिखल होऊन खाली बसतात; मात्र रोज ब्लोडाउन (तळाचं गढूळ पाणी सोडून देणं) केलं नाही तर पाण्याला फेस येतो आणि पाणीच सिलिंडरमध्ये जातं.

तेलाच्या डब्यांतल्या लोकरीच्या वातींबद्दल नव्यांना पुन्हा सांगितलं. शेपटीची वात इंजिन उभं असतानाही तेल ओढत राहते, म्हणून दिवस संपला की ती उचलून ठेवायची. दांड्यांवरच्या डब्यांत गच्च बसणारी वात असते. तेल हिंदकळलं तरच ती पाझरते, तिला हात लावू नये. सोमवारी सकाळी फ्रेमखाली तेलाचं तळं दिसलं की कोण विसरलं ते विचारावं लागत नाही.

१४ जुलै

टायर मोजले. डाव्या बाजूच्या पुढच्या चाकाची फ्लँज (चाकाला रुळावर धरून ठेवणारी कड) उजव्यापेक्षा साडेतीन मिलिमीटर पातळ. आमचा मार्ग वळसा घालून परत येणारा आहे आणि गाडी नेहमी एकाच दिशेने जाते, त्यामुळे डावी बाजू कायम वळणाच्या बाहेर. गाडी उलट्या दिशेने चालवून उपयोग नाही, बाहेरची बाजू डावीच राहते, फक्त पुढच्या चाकाऐवजी मागचं घासतं. इंजिनच फिरवून ठेवायला हवं.

आमच्याकडे टर्नटेबल नाही. पुढच्या महिन्यात नवे रूळ उतरवायला क्रेन येणार आहे, तेव्हाच उचलून फिरवू. कपलिंगची उंची दोन्ही टोकांना मोजली, फरक ६ मिलिमीटर, चालेल. चढावर आता तोंड मागे असेल. भट्टीचं टोक खाली न राहता वर येईल आणि छतावरचं पाणी तेवढं उतरेल. म्हणून पाण्याच्या काचेवर किमान पातळीची खूण नव्याने करायची, आणि ती रंगवून होईपर्यंत चढावर जायचं नाही. टाकी भरायचा पाइप दुसऱ्या बाजूला पडतो, तो दोन मीटर लांब लागेल.